कुटुंब क्रमांक सत्तेचाळीस

पुरुषाला चौकोन, बाईला गोल.
आजार असेल तर आतून काळा भरायचा,
गेलेल्यावर तिरकी रेघ.
ही लिपी शिकले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची,
आणि सयाजी हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत
रजिस्टरं ठेवायला औषधांचं जुनं कपाट मिळालेलं.
त्याचा टिंक्चरचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

दांडिया बाजारातल्या घरी आई विचारायची,
दिवसभर काय लिहितेस एवढं?
नाव, गाव, वय, गाठ कुठं.
"आणि मग बरे होतात का ते?"
नाही गं. मोजतो.
ती तव्याकडे वळली.

मोजणंही सोपं नव्हतं.
अंशातली माणसं आपणहून दारात येतात,
खुर्ची मागतात, पाणी मागतात.
छेदात मात्र अख्खं शहर धरावं लागतं:
मांडवीखाली मावा चोळणारे,
न्यायमंदिराच्या पायरीवरचे अर्जलेखक,
ज्यांना काही म्हणजे काहीच झालेलं नाही
असे लाखो,
त्यांच्याशिवाय दुःखाचं प्रमाण निघत नाही.

सत्तेचाळीस नंबरचं कुटुंब पादऱ्याकडचं.
जशीबेन, वय चौतीस, दोन्ही बाजूंना गाठी.
घरात आणखी कुणाला?
"कोई नथी," भाऊ म्हणाला, तिच्याआधी.
आणि आत्या?
एक तापाने गेली. एक नजर लागून.
दोन मुलींची लग्नं व्हायची होती त्या घरात,
मी फॉर्मवर लिहिलं: ताप, नजर.

मग कुणी म्हणालं, त्यांच्या बारोटाला विचारा.
दलपतसंगने हातभर लांब वही
लाल कापडातून सोडवली, कुंकू लावलं,
आणि वाचू लागला. अमक्याचा तमका,
तमक्याचे तीन, त्यातला मधला निर्वंश.
अकरा पिढ्या. नुसते चौकोन.
काका, मुली?
"दीकरी न लखाय, बेन."

मी पेन्सिल पर्समध्ये टाकली.
त्याने वही मिटली, मग डोळे,
आणि बोटांच्या पेरांवर सुरू झाला.
रेवा, डभोईला दिलेली, छाती सडली, पाठीमागे दोन लेकरं.
मोंघी, सावलीला, पोटात पाणी भरलं.
हीराकोर, करजणला, तिला काही नाही, नव्वदीत गेली, दात शाबूत.
चौदा नावं.
कुणाची पोर कुठे गेली ठाऊक नसेल
तर पुढची सोयरीक कशी तपासायची, तो म्हणाला,
लिहायचं नाही ते पाठ असावं लागतं.

त्या रात्री फरशीवर कागद पसरून
मी गोल काढत बसले.
काळा, कोरा, काळा, काळा.
जशीबेनच्या खाली एक इवलासा,
बारा दिवसांची मुलगी, पेन्सिलीने.

रक्ताच्या बाटल्यांना बर्फ कुल्फीवाल्याने दिला.
उत्तर यायला सहा वर्षं लागली:
सतराव्या गुणसूत्रावर दोन अक्षरं गळालेली.
मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटावीत इतकी साधी.
तोवर जशीबेनच्या गोलावर रेघ मारून झाली होती.
त्या शोधावर माझा निबंध छापून आला,
तिचं नाव त्यात नव्हतं,
असायचं नसतंच.

मागच्या महिन्यात ती आली.
बारा दिवसांची. आता सव्वीस वर्षांची.
सोबत एक मुलगा, दोन हेल्मेटं मांडीवर घेऊन
गप्प बसलेला.
मी निवृत्त आहे, म्हटलं.
"माहीत आहे. यालाही सगळं सांगा,
आणि मला एवढंच,
अक्षरं माझ्यातही गळाली असतील तर
आधीच कापून टाकायचं का, दोन्ही?"

चहावर साय धरली.
आयुष्यभर मी वर्गात फळ्यावर आडवी रेघ ओढून
खाली बोट ठेवत आले:
छेद म्हणजे जिवंत माणसं.

मुलाने हेल्मेटं खाली ठेवली.
मी कागद काढला. तिचा गोल
अजून पेन्सिलीतच होता,
थोडा पुसट, थोडा वाकडा.